तलफ आली की फोन कुणाला?

गेल्या अंकात दवाखान्यातल्या कामाबद्दल लिहिताना मी आमच्या फोनवरच्या गटांचा दोन ओळींत उल्लेख केला होता: सिगारेट-विडी सोडू पाहणारी माणसं, त्यातूनच बाहेर पडलेले त्यांचे सोबती आणि तलफ आली की एकमेकांना फोन. लेख होता क्षयरोगावर, पत्रं मात्र आली ती बहुतेक या दोन ओळींवरच. म्हणून या वेळचं सदर त्याच पत्रांना.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी सरकारी रुग्णालयाच्या छातीविकार विभागात समाजसेवा अधीक्षक होते. निवृत्तीनंतर कोल्हापुरात हे गट चालवते. मी डॉक्टर नाही, तेव्हा गोळीचं नाव विचारू नका. पत्रलेखकांची नावं काढून टाकली आहेत.

ताई, आम्ही कंपनीतल्या मित्रांनी जानेवारीत ‘धूर बंद’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. तीसेक जण होतो. पहिले चार दिवस जोरात गेले. मग गुड मॉर्निंग सुरू झालं, मग क्रिकेट, मग कुणाच्या तरी फ्लॅटची जाहिरात. आता त्याच ग्रुपवर ‘चल, टपरीवर ये’ असा मेसेज पडतो. मोबाइलच्या जोरावर सिगारेट सुटते हे खरं आहे, की नुसता टाइमपास?
— एक वाचक, चिंचवड

‘चल, टपरीवर ये’ वाचून मी एकटीच मोठ्यानं हसले. तुमच्या ग्रुपनं निदान काम तरी केलं, फक्त उलट्या बाजूनं.

आधी हे समजून घ्या की फोन नेमका कशाला लागतो. धुरातलं निकोटिन मेंदूत पोचायला दहाएक सेकंद लागतात आणि रक्तातलं त्याचं प्रमाण दोनेक तासांत निम्म्यावर येतं. म्हणून दिवसभर थोड्याथोड्या वेळानं मागणी येत राहते. सोडल्यावर ती मागणी आणखी चिडून येते. पण एकेक तलफ पाहिली तर ती काही मिनिटांतच ओसरते. तेवढी मिनिटं काढायची असतात. ती येते कुठं? माझ्या टेबलासमोर बसलेल्या एकाही माणसाला कधी तलफ आली नाही. माझ्यासमोर सगळे शहाणे. गेटबाहेर पडले, रिक्षा स्टँडवर चहाचा ग्लास हातात आला, की यायची. तिथं मी नसायचे, डॉक्टर नसायचे, बायको नसायची. फोन असायचा.

आता पुराव्याचं. ब्रिटनमध्ये ५,८०० लोकांवर मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या लोकांना सिगारेट सोडण्यासाठी धीर देणारे, युक्ती सांगणारे एसएमएस गेले, उरलेल्यांना सिगारेटशी संबंध नसलेले. तलफ आल्याचं कळवलं की लगेच उत्तर यायचं आणि हवा असेल तर सोडणाऱ्या दुसऱ्या माणसाचा नंबरही मिळायचा. सहा महिन्यांनी तपासणी करून खात्री केली, तर पहिल्या गटातले १०.७ टक्के सुटलेले होते, दुसऱ्यातले ४.९. आकडा लहान वाटला ना? वाटू दे. साध्या एसएमएसनं सुटणारे दुपटीच्या वर गेले, आणि एसएमएसला खर्च किती येतो ते तुम्हाला माहीत आहे.

तुमच्या प्रश्नाच्या जवळचा प्रयोग हाँगकाँगचा. नुकतीच सिगारेट सोडलेली १३६ माणसं घेतली. काहींचे व्हॉट्सॲप गट केले, काहींचे फेसबुकवर, काहींना नुसती पुस्तिका दिली. गटांत एक समुपदेशक होता आणि गट दोन महिने चालले. दोन महिन्यांनी पाहिलं तर पुस्तिकावाल्यांपैकी ४३ टक्के परत ओढायला लागले होते, व्हॉट्सॲपवाल्यांपैकी १७. फेसबुकचा म्हणावा तसा उपयोग दिसला नाही. व्हॉट्सॲपवर माणसं आपसांत बोलत होती, फेसबुकवर तेवढं बोलणं झालंच नाही. मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा व्हॉट्सॲपवालेही ४० टक्के परत वळले होते, पुस्तिकावाले ६१. गट बंद झाला आणि अंतर कमी झालं. हे वाचल्यापासून मी गट बंद करत नाही. तो शांत होतो, महिन्यातून दोनदा कुणी बोलतं, पण दार उघडं असतं.

आता तुमच्या तीस जणांचं. तीस जणांत कुणीच कुणाचा नसतो. माझे गट आठ ते बारा जणांचे असतात. सगळ्यांची सोडायची तारीख एकाच आठवड्यातली असते, म्हणजे तिसऱ्या दिवशी डोकं फिरलं की इतरांचंही फिरलेलं असतं. शिवाय सोडून वर्ष उलटलेले दोघे जण गटात हवेतच. नव्यानं सोडणारे सगळेच असले की पहिल्या पावसाळी संध्याकाळी सगळे एकदम घसरतात, तुमच्यासारखे.

तलफ आली की लिहायचं फक्त ‘आली’. एवढंच. ज्याला दिसेल त्यानं लिहीत न बसता सरळ फोन करायचा. उपदेश टाइप करेपर्यंत त्या माणसानं काडी ओढलेली असते. फोनवर बोलायचं काय? काहीही. आमच्या गटात मार्केट यार्डातले एक हमाल आहेत. ते फोन करून विचारतात, ‘जेवलास काय? काय हुतं?’ समोरचा भाजी-भाकरीपासून सांगायला लागतो, आमटी येईपर्यंत तलफ उतरते. मी समुपदेशनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय, पण यापेक्षा चांगलं मला अजून जमलेलं नाही.

फॉरवर्ड एकही नाही, सणाच्या शुभेच्छासुद्धा नाहीत. पाडव्याला एकानं गुढीचं चित्र टाकलं, त्याला दिवसभर येणारे सगळे फोन घ्यायची शिक्षा झाली. टाळ्यांचे, हारांचे, शाब्बासकीचे ढीगही नकोत. लोकांना हे पटत नाही, पण माझा आग्रह आहे. तिसऱ्या दिवशी ज्याला तीस जणांनी टाळ्या वाजवल्या, त्याला पाचव्या दिवशी ‘ओढली’ लिहायची लाज वाटते. मग तो गप्प होतो, आणि गप्प झाला की गेला. ‘ओढली’ हा आमच्याकडचा दुसरा शब्द. तो आला की रागवायचं नाही आणि ‘चालतं रे, होतं असं’ही म्हणायचं नाही. विचारायचं: कुठं होतास, कोण होतं बरोबर, कुणी दिली? ‘मेव्हण्याच्या वरातीत, साडूनं दिली’ असं उत्तर आलं की पुढच्या लग्नाआधी त्याला कुणी फोन करायचा ते आम्ही ठरवून टाकतो. पहिल्या आठवड्यात हे प्रश्न सगळ्यात जास्त विचारावे लागतात, कारण बहुतेक माणसं पहिल्या आठवड्यातच परत ओढतात.

तुमचा ग्रुप मात्र मोडा. नाव बदलून सुधारायचा नाही. त्यातले खरोखर सोडायची इच्छा असलेले आठ शोधा आणि नवा काढा. जुन्यावर फ्लॅट विकू दे.

माझ्या मिस्टरांना त्यांच्या डॉक्टरांनी अशाच एका गटात घातलंय. मी रोज रात्री त्यांचा फोन घेऊन गटातले मेसेज वाचते. परवा त्यांनी ‘ओढली’ असं लिहिलेलं दिसलं, मला मात्र ‘नाही ओढली’ म्हणाले होते. मी जाब विचारला तर दोन दिवस अबोला आहे. मी त्यांची बायको आहे. मला खरं सांगायचं सोडून परक्यांना सांगतात, याचं वाईट वाटतं.
— एक वाचक, सोलापूर

वाईट वाटणारच. तरी सांगते, फोन वाचणं आजपासून बंद करा.

त्यांनी परक्यांना सांगितलं कारण त्या परक्यांनी स्वतः ओढलेली आहे. त्यांना सांगताना खाली बघावं लागत नाही. तुम्हाला सांगायचं म्हणजे कबुली द्यायची, मग मुलांची शपथ, मग तुमच्या डोळ्यांत पाणी. त्या माणसाला त्या क्षणी तेवढं पेलत नाही. या गटांचा सगळा जोर एवढ्या एका गोष्टीवर आहे की समोरचा त्याच वाटेनं गेलेला आहे. तुम्ही ते वाचता हे कळल्यावर ते तिथंही खोटं लिहायला लागतील, आणि मग खरं कुठंच सांगणार नाहीत.

तुमचं काम वेगळं आहे आणि ते दुसऱ्या कुणाला जमणार नाही. घरातले लायटर, जुनी पाकिटं, गॅलरीतला तो थोटकं टाकायचा डबा, सगळं काढा. जेवण झाल्यावर लगेच दोघं खाली चालायला जा, कारण जेवणानंतरची तलफ सगळ्यात हट्टी असते. शर्टाचा वास घेऊ नका. आणि पहिले दोन ते चार आठवडे माणूस चिडका होतो, झोप मोडते, लक्ष लागत नाही. तो तुमच्यावर चिडलेला नसतो, त्याचं शरीर निकोटिन मागत असतं. त्या आठवड्यांत नणंदेच्या वाटणीचा विषय काढू नये एवढं तर आपल्या हातात आहे.

अबोला तुम्हीच मोडा. ‘फोन वाचला, परत वाचणार नाही’ एवढं बोला. त्या ओढलेल्या सिगारेटचं काही बोलू नका, गटानं विचारायचं ते विचारलेलं असेल.

व्हेप वापरून सिगारेट सोडावी का? मित्र म्हणतो ग्रुपची कटकट नको.
— एक तरुण, नाशिक

व्हेप म्हणजे ई-सिगारेट, आणि भारतात तिच्या विक्रीवर २०१९ पासून कायद्यानं बंदी आहे. चोरून विकत घेतलेल्या नळीत काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मित्राला म्हणावं, कटकटच बरी.

आमचे वडील विडी ओढतात. वय ६४, द्राक्षबाग आहे. दिवसाला एक बंडल संपतं. आता त्यांना स्वतःलाच सोडायची आहे, कारण सकाळचा खोकला थांबत नाही. पण त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन आहे आणि वाचता जेमतेम येतं. ‘विडी सिगारेटपेक्षा बरी, पानाचीच असते’ असंही म्हणतात. तुमचं हे व्हॉट्सॲप त्यांच्या काय कामाचं?
— एक मुलगा, तासगाव तालुका

आधी खोकला. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस असेल तर उद्याच्या उद्या त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. ओढणाऱ्यांत क्षयरोगाचं प्रमाण जास्त असतं आणि ‘विडीचाच खोकला आहे’ म्हणून अंगावर काढलेले कितीतरी क्षयरोगी मी वॉर्डात पाहिले आहेत. ते झाल्याशिवाय माझं पुढचं वाचू नका.

विडी पानाची असते हे बरोबर, तेंदूच्या. पण तेंदूचं पान सिगारेटच्या कागदासारखं सलग जळत नाही. विडी विझू नये म्हणून घाईघाईनं आणि खोल झुरके मारावे लागतात, त्यामुळे तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर सिगारेटइतकं किंवा त्याहून जास्तच आत जातं. वडिलांना हे सांगताना वाद घालू नका. त्यांना विचारा, एक विडी ओढून संपेपर्यंत किती वेळा काडी ओढावी लागते? त्यांचं त्यांना कळेल.

आता फोन. साध्या फोननं काम भागतं, उलट कधी कधी जास्त चांगलं भागतं, कारण त्यात यूट्यूब नसतं. माझ्या पहिल्या जोड्या साध्या फोनवरच्याच होत्या. जोडी म्हणजे गावातला किंवा शेजारच्या गावातला, वडिलांच्याच वयाचा, विडी सोडून वर्ष झालेला एक माणूस. असा माणूस प्रत्येक गावात असतो. तो मिरवत नाही, म्हणून आपल्याला माहीत नसतो. पारावर विचारा, कुणीतरी सांगेल की अमक्यानं सोडली बघ ऑपरेशननंतर. त्याच्याशी मिसकॉलची खूण ठरवायची. सकाळी एक रिंग देऊन कट केला म्हणजे ‘मी ठीक आहे’. लागोपाठ दोन मिसकॉल म्हणजे ‘आली’. मग त्यानं उलट फोन करायचा. वाचायला लागत नाही, लिहायला लागत नाही. त्याचा नंबर फोनमध्ये ‘१’ या बटणावर स्पीड डायलला टाका, नाहीतर दोनवर, जो फोन ऐकेल तो. बटणावर नेलपॉलिशचा ठिपका द्या.

बागेत छाटणीच्या वेळी मजुरांबरोबर विडी पेटते, हे जोडीदाराला आधी सांगून ठेवा. छाटणीच्या दिवसांत त्यानं स्वतःहून दहा वाजता आणि चार वाजता फोन करायचा. तलफ आल्यावर फोन करायला माणूस विसरतो, म्हणून वेळ ठरलेली बरी.

शिवाय सरकारी सेवा आहे. विडीच्या बंडलावर, सिगारेटच्या पाकिटावर भयंकर चित्राखाली एक नंबर छापलेला असतो: १८००-११-२३५६. २०१८ पासून तो पाकिटावर छापणं सक्तीचं आहे. रोज हातात असतो, पण कुणी वाचत नाही. फोन फुकट आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली ही सेवा सुरू झाली, पुढे मुंबईचं टाटा स्मारक केंद्रही त्यात आलं, त्यामुळे मराठीत बोलणारं माणूस मिळतं. ते सोडायची तारीख ठरवून देतात आणि पुढेही फोन करून चौकशी करतात. तुम्ही लावून द्या आणि बाहेर जाऊन उभे राहा. मुलासमोर ६४ वर्षांचा माणूस ‘मला जमत नाही’ असं म्हणणार नाही.

समुपदेशक असला तर जोडीदार कशाला, असं विचाराल. समुपदेशकाला विडीबद्दल माहिती असते. जोडीदाराला शेताच्या बांधावरची दुपारची ती वेळ माहीत असते. मला दोन्ही हवेत, आणि वडिलांनाही लागतील.

मी २९ वर्षांची आहे, हिंजवडीत नोकरी करते. दिवसाला सहा-सात सिगारेट होतात. ऑफिसखालच्या टपरीवर आम्ही मुलीही उभ्या असतो, तिथं कुणाला काही वाटत नाही. पण माझं घर लातूरला आहे आणि घरी कुणालाही माहीत नाही. गटात गेले तर नंबर दिसणार, फोटो दिसणार, कुणीतरी स्क्रीनशॉट काढणार. मग एकटीनंच सोडायची का?
— एक वाचक, पुणे

एकटीनं सोडू नका. आणि मोठ्या गटातही जाऊ नका, तुमची भीती खरी आहे. व्हॉट्सॲप गटात प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, तो एक रस्ता आहे. व्हॉट्सॲपच हवं असेल तर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय सुरू करा. स्क्रीनशॉट त्यानं थांबत नाही, एवढं लक्षात ठेवा.

पण मला विचाराल तर तुमचा गट दोघींचा असावा. टपरीवर ज्या मुली उभ्या असतात, त्यांतल्या एकीला तरी सोडायची असते. ती बोलत नाही, कारण तुम्हीही बोलत नाही. तिला विचारा. दोघींनी तारीख ठरवा. साडेअकराला आणि साडेचारला, म्हणजे टपरीच्या वेळेला, लिफ्टनं खाली जाण्याऐवजी एकमेकींना फोन लावून मजल्यावरच फेऱ्या मारा. शेजारी शेजारी बसत असलात तरी फोनच लावा. तोंड आणि हात दोन्ही गुंतलेले राहतात.

टपरीचं एक सांगते. सुट्टी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. टपरीवाल्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुम्ही मात्र त्याचा फायदा उठवा: पर्समध्ये पाकीट ठेवू नका. सुट्ट्या सिगारेटसाठी खाली जावं लागलं की मध्ये चार मिनिटं मिळतात, आणि चार मिनिटांत फोन होतो.

गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर सिगारेटबद्दल डॉक्टरांना सांगाच. दोन्ही मिळून रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो आणि वयाच्या पस्तिशीनंतर तो फारच वाढतो. डॉक्टर विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतं लातूरची मुलगी ओढत नसेल.

जाता जाता, ‘बायकांचं व्यसन’ म्हणून तुमच्याकडे बोट दाखवणाऱ्यांसाठी: २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे चार टक्के निघाले आणि तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे २४ टक्क्यांच्या वर. माझ्याकडच्या बायका बहुतेक मिश्रीवाल्या, आजी लोक. त्यांच्या गटात व्हॉइस मेसेज चालतात, आणि पहाटे पाच वाजता ‘आली’ म्हणणारा एखादा खणखणीत आवाज ऐकून माझे यजमान दचकून उठतात.

मी एसटीतून निवृत्त झालो. सिगारेट सोडून तीन वर्षं झाली. आमच्या इथल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन जणांचा फोन-सोबती झालो. एक छान चाललाय. दुसरा रात्री दीड-दोनला फोन करतो, बऱ्याचदा पिऊन. रडतो, ‘जगण्यात अर्थ नाही’ म्हणतो. मी तास-तास ऐकतो. फोन ठेवला की मला स्वतःला तलफ येते, तीन वर्षांत आली नव्हती अशी. सोडून द्यावं का हे काम?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

आज रात्रीपुरतं काम सोडा. त्यातला दुसरा माणूस कायमचाच दुसऱ्याकडे सोपवा.

सिगारेटची तलफ हे तुमचं काम. दारू आणि ‘जगण्यात अर्थ नाही’ हे तुमचं काम नाही, आणि ते तुम्ही करत राहिलात तर त्याचंच नुकसान आहे. त्याला १४४१६ हा नंबर द्या. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे, मानसिक त्रासासाठी फोनवर माणूस मिळतो, रात्रीसुद्धा. नुसता नंबर देऊन थांबू नका. दिवसा, तो शुद्धीवर असताना, त्याच्या शेजारी बसून तुम्ही लावून द्या. त्याच्या घरातल्या एका माणसाला सांगा. ‘त्याचं गुपित आहे’ म्हणून थांबू नका. सिगारेटचं गुपित राखायचं, जीव द्यायच्या बोलण्याचं राखायचं नाही. डॉक्टरांनाही कळवा. दारू सुटल्याशिवाय त्याची सिगारेट टिकून सुटणं अवघड आहे हे त्यांना माहीत असणार, त्यांनी त्याला तुमच्या एकट्याच्या गळ्यात घालायला नको होतं. हे मी त्यांना उद्देशूनही लिहिते आहे, अंक त्यांच्या दवाखान्यात जात असेल तर.

तुमच्या स्वतःच्या तलफेचं आश्चर्य नको. दोन-तीन वर्षांनीही ती येते, विशेषतः रात्रीच्या जागरणात आणि दुसऱ्याचं दुःख ऐकताना. सोबत्यालाही सोबती लागतो, हे सगळेजण विसरतात. आमच्याकडे जुन्यांचा वेगळा गट आहे. तिथं सहा वर्षं झालेला माणूसही ‘आली’ लिहितो आणि त्याला फोन जातो. तुमच्या भागात असा गट नसेल तर जो ‘छान चाललाय’ त्यालाच फोन करा. लाजू नका. ज्याला आपण मदत केली त्यानं आपल्याला उलट फोनवर ‘जेवलात काय’ विचारणं फार गोड लागतं, आणि त्याचंही मन भक्कम होतं.

फोनची वेळ सांगून टाका: सकाळी सहा ते रात्री दहा. नंतर फोन बंद, नाहीतर दुसऱ्या खोलीत. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगायचं. एक अपवाद. ‘छातीत दुखतंय, डावा हात भरून आलाय, घाम फुटलाय’ असं कुणी फोनवर म्हणालं तर ती तलफ समजून धीर देत बसू नका. त्याला लगेच १०८ लावायला सांगा, आणि घरच्यांना तुम्ही लावा.

सिगारेट सोडून नऊ दिवस झाले. चहा प्यालो की हात थरथरतात, छातीत धडधडतं. शिवाय सकाळी पोट साफ होत नाही. गटातला एक जण म्हणतो, ‘तुझ्या अंगाला सोडणं मानवत नाही, एक ओढ, बघ कसं मोकळं होतं.’ खरं आहे का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

त्या एकाला आधी गटातून काढा.

धूम्रपान करणाऱ्याच्या यकृतात कॅफीन भराभरा निकामी होतं. ते काम धुरातल्या रसायनांमुळे वेगात चाललेलं असतं. सिगारेट सुटली की तो वेग काही दिवसांत उतरतो आणि तेवढाच चहा अंगात जास्त वेळ राहतो. म्हणजे तुम्ही कप तेच पिता, कॅफीन मात्र अंगात दुपटीच्या आसपास साठतं. थरथर, धडधड, झोप न येणं यातलं बरंच तिकडून येतं आणि लोक नावं ठेवतात सोडण्याला. चहा निम्मा करा, संध्याकाळी पाचनंतर नकोच. धडधड त्यानंही थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

पोटाचं खरं आहे. निकोटिन आतड्यांना ढोसत असतं, ते बंद झालं की आतडी थोडे दिवस आळसावतात. उठल्या उठल्या कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि भाकरी, रात्री दोन चमचे इसबगोल. दोन-तीन आठवड्यांत सुरळीत होतं. तोवर सकाळी संडासाच्या वेळेला आमचे लोक गटात ‘आली’ असं लिहितात, तेव्हा नेमकं काय आली हे विचारायची पद्धत नाही.

निकोटिनचा च्युइंगगम घेत असाल तर चहा प्याल्यावर पंधरा मिनिटं थांबून मगच तोंडात टाका. चहानं तोंडात आम्लता येते आणि निकोटिन नीट शोषलं जात नाही. आणि बडीशेपेसारखा चघळू नका. दोन-चारदा चावा, तिखट लागला की गालात ठेवून द्या, चव उतरली की परत चावा. दोन मिलिग्रॅमचा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, चारचा हवा असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते.